शोकाच्या काळातील योगाभ्यास: आधी पाय, मग श्वास, ध्यान सर्वांत शेवटी

जवळचे माणूस गेल्यावर थोड्याच दिवसांत कोणीतरी आपुलकीने सांगते, "जरा ध्यानाला बसत जा, मन शांत होईल." सल्ल्यामागची भावना खरी असते, परंतु क्रम उलटा असतो. शोकाच्या पहिल्या आठवड्यांत डोळे मिटून स्वस्थ बसण्याइतके अवघड दुसरे काही नसते, कारण डोळे मिटताच शेवटचे दिवस, शेवटचा फोन, बोलायचे राहून गेलेले शब्द हे सारे एकामागून एक समोर उभे राहते आणि त्याला थोपवायला हाताशी काहीच नसते. अशा बैठकीतून उठणारा माणूस अधिकच खचतो आणि आपल्याला साधे ध्यानही जमत नाही, हा ठपका स्वतःवर ठेवतो. म्हणून येथे सुचविलेला अभ्यास दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. प्रथम पायांना आणि पाठीला काम द्यायचे, त्यानंतर श्वासाकडे वळायचे, आणि स्थिर बसणे बरेच पुढे, तेही थोडे थोडे, आणायचे.

या अभ्यासाने शोक नाहीसा होणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. झोप, भूक आणि श्वास यांची विस्कटलेली लय सावरायला त्याने हातभार लावावा, आणि दिवसातली दहा मिनिटे तरी काय करायचे ते ठरलेले असावे, एवढे मागणे पुरेसे आहे.

शोक शरीरात कसा दिसतो

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादातील एकतिसाव्या सूत्रात चित्तविक्षेपाबरोबर येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंगाला सुटणारा कंप, आणि श्वास-प्रश्वासांची बिघडलेली गती. ज्याने शोक अनुभवला आहे त्याला ही यादी ओळखीची वाटेल. घशात आवंढा अडकून राहतो, छाती जड होते, श्वास वरच्या वरच चालतो आणि मधेच एक दीर्घ उसासा बाहेर पडतो. हातापायांत त्राण नसते, अन्नावरची वासना जाते आणि पहाटे अवेळी जाग येऊन पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टींना थेट हात घालता येत नाही, 'खिन्न होऊ नकोस' असे मनाला बजावून काही होत नाही. अंगाचा कंप आणि श्वासाची गती मात्र हालचालीने आणि सरावाने बदलता येते, आणि अभ्यासाचा आरंभ तेथूनच करणे शहाणपणाचे आहे.

सुरुवातीपूर्वी तपासून घ्यायच्या गोष्टी

छातीत दुखणे, धाप लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास ते 'दुःखामुळे होत असेल' असे समजून अंगावर काढू नये. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता दुर्बळ होण्याचा विकार प्रत्यक्षात आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, त्याला ताकोत्सुबो म्हणतात, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्यामुळे घरी बसून फरक ओळखता येत नाही. तातडीने रुग्णालय गाठणे हाच मार्ग आहे.

दुसरी बाब साधी असूनही हमखास निसटते. दुःखाच्या गडबडीत रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या स्वतःच्या गोळ्या घ्यायच्या राहून जातात, किंवा गोळ्या घेतल्या जातात आणि जेवण राहते. दोन्ही परिस्थितींत आसने धोक्याची ठरू शकतात. म्हणून अभ्यासापूर्वी पोटात थोडे काही गेले आहे का, पाणी प्यायले आहे का, औषध घेतले आहे का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. नेहमी योग रिकाम्या पोटी करावा असे सांगितले जाते. ज्याने आदल्या दिवसापासून धड खाल्लेले नाही त्याला हा नियम लागू करण्यात अर्थ नाही. हलके काहीतरी खाऊन तासाभराने अभ्यास करावा. रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल, गर्भावस्था असेल किंवा मणक्याचा त्रास असेल, तर डोके हृदयापेक्षा खाली नेणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

काही गोष्टी या काळापुरत्या बाजूला ठेवाव्यात, मग त्यांचा सराव वर्षानुवर्षांचा का असेना. कपालभाती आणि भस्त्रिका हे जलद, जोरकस श्वासाचे प्रकार आणि श्वास कोंडून धरणारे दीर्घ कुंभक यांनी आधीच उत्तेजित असलेली मज्जासंस्था आणखी चेतवली जाते; छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि घाबरल्यासारखे वाटणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत. शीर्षासन आणि चक्रासन यांनाही सध्या रजा द्यावी, कारण झोप अपुरी असताना तोल आणि लक्ष दोन्हींचा भरवसा नसतो.

जागा, वेळ आणि मुदत

जागा एकच असावी आणि रोज तीच असावी. ज्या खोलीत गेलेल्या व्यक्तीच्या वस्तू पदोपदी दिसतात तेथे अभ्यास करावा की नाही, याचे उत्तर माणसागणिक बदलते. काहींना तेथेच बरे वाटते, काहींना तेथे पाऊलही टाकवत नाही. दोन्ही योग्य आहे आणि महिन्याभराने आवड बदलली तरी तेही योग्य आहे. जवळ एक खुर्ची, दोन उशा, अंगावर घ्यायला चादर, पाण्याचा पेला आणि हातरुमाल असावा.

वेळ ठरवताना आपला दिवसातला सर्वांत कठीण प्रहर कोणता ते पाहावे. कोणाला ती व्यक्ती घरी परतायची ती संध्याकाळची वेळ जड जाते, तर कोणाला पहाट. त्या वेळेच्या थोडे आधी चटई अंथरली, तर तो प्रहर रिकाम्या हातांनी सोसावा लागत नाही. मुदत दहा मिनिटांची ठेवावी, आणि उत्साह वाटला तरी पहिल्या आठवड्यात ती वाढवू नये. एका दिवशी तासभर अभ्यास करून पुढचे चार दिवस अंथरुणात पडून राहण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतात. अगदी दहाही जमली नाहीत तर भिंतीशी दोन मिनिटे उभे राहून पुढील पहिली कृती करावी. तेवढ्याने त्या दिवसाचा अभ्यास झाला असे खुशाल मानावे.

पहिली पायरी: पाय आणि पाठ

भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पावले नितंबांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल. नितंब, पाठीचा वरचा भाग आणि शक्य असल्यास डोक्याची मागची बाजू भिंतीला लागू द्यावी. डोळे उघडे ठेवून समोरच्या एका वस्तूकडे पाहावे आणि लक्ष तळपायांवर आणावे: अंगठ्याच्या मुळाशी भार किती आहे, टाचेवर किती आहे, डावा पाय अधिक भार घेतो की उजवा. शोकात खांदे पुढे झुकलेले आणि मान खाली गेलेली असते. ती जबरदस्तीने सरळ करू नये. पाठीला भिंतीचा आधार मिळाला की खांदे आपसूक थोडे मागे येतात, तेवढे पुरे. दहा-बारा श्वास असे उभे राहून, मग श्वास घेताना टाचा उचलाव्यात आणि सोडताना सावकाश टेकवाव्यात. असे आठ वेळा करावे. टाच जमिनीला लागण्याच्या क्षणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सुन्न झालेल्या शरीरात जाणीव परत येण्याची सुरुवात पुष्कळदा अशा ठळक स्पर्शापासून होते.

त्यानंतर हात आणि गुडघे टेकून मार्जारासन. श्वास घेताना छाती पुढे आणि नजर समोर, सोडताना पाठ गोल आणि हनुवटी आत. हालचाल श्वासाच्या गतीने चालावी. श्वास तुटक असेल तर हालचालही तुटक होईल, ती तशीच होऊ द्यावी. सहा ते आठ आवर्तने झाल्यावर नितंब टाचांकडे नेऊन शशांकासनात यावे, कपाळ जमिनीवर न टेकवता एकावर एक ठेवलेल्या दोन उशांवर टेकवावे आणि हात उशांच्या कडेने सैल सोडावेत. या स्थितीत पोट मांड्यांवर टेकते, त्यामुळे श्वास आपोआप पाठीच्या मागच्या बरगड्यांत भरू लागतो आणि छातीवर ओझे असल्याची भावना थोडी सैलावते. गुडघे दुखत असतील तर हेच आसन खुर्चीवर बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकवून करता येते. उठताना घाई करू नये. जेवण आणि पाणी कमी असेल तेव्हा वाकलेल्या स्थितीतून झटकन उभे राहिल्यास रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी बसावे, दोन श्वास घ्यावेत, मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहावे.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी एवढाच अभ्यास पुरेसा आहे. चटईवर येण्याचीही इच्छा नसेल त्या दिवशी घराबाहेर दहा मिनिटे चालणे हाच अभ्यास समजावा.

दुसरी पायरी: श्वास सोडण्याकडे लक्ष

दीर्घ श्वास घ्या असे सगळे सांगतात, पण शोकात छाती आधीच ताठरलेली असते आणि तिच्यात आणखी हवा भरायचा प्रयत्न केला की घुसमट वाढते. म्हणून लक्ष सोडण्यावर द्यावे. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरील अंमल वाढतो. उच्छ्वास लांबवला की हा मंदावण्याचा काळही लांबतो.

खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावे, एक हात पोटावर ठेवावा. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. प्रत्येक अंक साधारण सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात, म्हणजे विश्रांतीतील नेहमीच्या बारा ते वीस श्वासांच्या निम्मे किंवा त्याहून कमी. एवढा वेग पहिल्या दिवशी जमणार नाही. तीन अंक आत आणि चार अंक बाहेर येथून सुरुवात करावी. मोजण्यानेच अस्वस्थता वाढत असेल तर मोजणे सोडून द्यावे आणि फक्त प्रत्येक उच्छ्वास पूर्ण होऊ द्यावा. तीन ते पाच मिनिटे पुरतात.

पुष्कळ रडणे झाल्यावर नाक चोंदलेले असते आणि तशा स्थितीत अनुलोम-विलोम करायला गेले की श्वास कोंडून भीती वाटते. त्या दिवशी ओठांचा चंबू करून, गरम पेयावर फुंकर घालावी तसा, तोंडाने हळूहळू श्वास सोडावा. नाक मोकळे असेल तेव्हा भ्रामरी फार चांगली: ओठ मिटून, दात एकमेकांना न लावता, उच्छ्वासाबरोबर हलका गुंजारव करावा. कान बंद करण्याची पारंपरिक पद्धत सुरुवातीला टाळावी, कारण बाहेरचा आवाज तुटला की आतले विचार मोठे होतात. पाच-सहा गुंजारव झाल्यावर थांबून घशाकडे लक्ष द्यावे. तेथील आवंढा कमी झाला असेल किंवा नेमका त्याच क्षणी हुंदका फुटेल, आणि दोन्ही गोष्टी घडू द्याव्यात.

अश्रू आले तर

आसन चालू असताना रडू येणे यात लाजण्यासारखे काही नाही आणि ती एखादी सिद्धीही नाही. शोक नितंबांच्या स्नायूंत साठून राहतो आणि विशिष्ट आसनाने तो मोकळा होतो, असे अनेक वर्गांतून ठामपणे सांगितले जाते. या म्हणण्याला भक्कम वैज्ञानिक आधार नाही, आणि तसे मानून स्वतःला मुद्दाम खोल ताणात ढकलणे अनाठायी आहे. दिवसभर कामात गुंतलेला माणूस प्रथमच थांबतो आणि श्वास सैल सोडतो, रडू येण्याला एवढे कारण पुरते.

जपायचे आहे ते एका फरकाला. रडताना श्वास चालू आहे, आपण कोठे आहोत ते कळते आहे, आणि लाट ओसरल्यावर थोडे हलके वाटते आहे, तर त्याच स्थितीत राहावे किंवा शशांकासनात यावे. याउलट नजरेसमोर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा येत असतील, अंग थरथरत असेल, हातपाय बधिर झाल्यासारखे किंवा आपण आपल्या शरीराबाहेर असल्यासारखे वाटत असेल, तर अभ्यास ताबडतोब थांबवावा. डोळे उघडून बसावे, तळपाय जमिनीवर दाबावेत, खोलीतील पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, थंड पाणी प्यावे आणि शक्य असल्यास कोणाला तरी हाक मारावी. असे वारंवार घडत असेल तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ यांची गाठ घेऊन मगच अभ्यास पुढे न्यावा.

शवासनाचा प्रश्न

प्रत्येक वर्ग शवासनाने संपतो, आणि ज्याने नुकतेच कोणाचे तरी अंत्यदर्शन घेतले आहे त्याला पाठीवर निश्चल, हात बाजूला टाकून, डोळे मिटून पडणे नेमके तेच दृश्य समोर आणते. शिकवताना मी पाहिले आहे की सगळी आसने शांतपणे करणारी माणसे या क्षणी अचानक उठून चटई गुंडाळू लागतात. त्यांना थांबवू नये. पर्याय अनेक आहेत: कुशीवर वळून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन आणि अंगावर चादर ओढून पडावे, किंवा मकरासनात पोटावर पडून कपाळ हातांवर टेकवावे, किंवा पाठीवर पडायचेच असेल तर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात आणि डोळे उघडे ठेवून छताकडे पाहावे. सुरुवातीला दोन मिनिटांचा गजर लावावा, म्हणजे हे केव्हा संपणार आहे ते ठाऊक असते.

पुढचे आठवडे: बळ देणारी आसने

साधारण महिन्याभराने, झोप थोडी सावरली की, उभ्याने करायची आसने वाढवावीत. वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार (पाय लांब फाकवून, पुढचा गुडघा वाकवून, हात दोन्ही बाजूंना पसरून) प्रत्येक बाजूला चार-पाच श्वास, भिंतीला हात लावून वृक्षासन, आणि सूर्यनमस्कार दोन-तीन, तेही सावकाश. छाती उघडणाऱ्या आसनांची घाई करू नये. पाठीखाली लोड घेऊन केलेले सुप्त बद्धकोनासन, म्हणजे उताणे पडून तळपाय एकमेकांना जोडून गुडघे बाजूंना सैल सोडणे, दिसायला निवांत असले तरी अनेकांना त्यात फार उघडे पडल्यासारखे वाटते. तेव्हा पोटावर जड चादरीची घडी ठेवावी, किंवा ते आसन आणखी काही आठवडे लांबवावे.

शोकाच्या अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले एक प्रारूप येथे कामी येते. त्यांच्या मते शोकाकुल माणूस वियोगाच्या वेदनेकडे आणि रोजच्या आयुष्याची नव्याने जुळणी करण्याकडे असा आळीपाळीने वळत राहतो, आणि हे मागेपुढे होणेच निरोगी आहे. अभ्यासातही तसेच असावे. काही दिवशी चटईवर आठवण येईल आणि तिला जागा द्यावी. काही दिवशी मात्र पुढचा गुडघा घोट्याच्या रेषेत आहे की नाही, एवढ्याच विचारात पंधरा मिनिटे जावीत. अशा दिवसानंतर बहुतेकांना अपराधी वाटते, आपण त्या व्यक्तीला विसरलो की काय असे वाटते. बरे वाटणे म्हणजे विसरणे असा अर्थ लावू नये आणि त्या भावनेपायी दुसऱ्या दिवशीचा अभ्यास टाकू नये.

ध्यान केव्हा आणि कसे

स्थिर बसण्याची तयारी झाली आहे हे ओळखण्याची खूण अशी, की पाच मिनिटे लांब उच्छ्वास करून झाल्यावर लगेच उठून जावेसे वाटत नाही. तेव्हाही आधी चालण्याचे ध्यान करावे: खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, टाच, तळवा, बोटे अशा क्रमाने पाऊल टेकत. नंतर बसायला सुरुवात करावी, पाठीला आधार घेऊन, डोळे अर्धे उघडे ठेवून, तीन मिनिटे. लक्ष हातांच्या स्पर्शावर किंवा उच्छ्वासावर ठेवावे. गेलेल्या व्यक्तीची आठवण आली तर तिला हाकलू नये. दोन-तीन श्वास तिच्याकडे पाहावे, मग पुन्हा हातांकडे यावे. दर आठवड्याला एखादे मिनिट वाढवले तरी चालते, आणि न वाढवले तरी काही बिघडत नाही.

योग अपुरा पडतो तेव्हा

जगण्यात अर्थ नाही, त्या व्यक्तीकडेच जावे, असे विचार येत असतील तर अभ्यासावर विसंबून न राहता त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे किंवा मदतवाहिनीकडे जावे. अन्न जवळजवळ बंद होणे, झोपेसाठी मद्य किंवा गोळ्यांचे प्रमाण वाढणे, घरातील लहानांकडे लक्ष देता न येणे हीसुद्धा मदत मागण्याची कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद असून तेथे किमान सहा महिन्यांची मुदत दिली आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०२२ मध्ये प्रौढांसाठी बारा महिन्यांची मुदत धरली. या मुदती निदानासाठी आहेत, मदत मागण्यासाठी तेवढे थांबण्याचे कारण नाही. चालू असलेली औषधे योग सुरू केला म्हणून स्वतःहून बंद करू नयेत.

वर्गात जाताना आणि खंड पडल्यावर

एकट्याने जमत नसेल तर वर्ग जरूर निवडावा, मात्र संथ गतीचा. शिक्षकांना आधीच दोन वाक्यांत सांगून ठेवावे की घरात दुःखद घटना घडली आहे, मी मधेच उठून बाहेर गेलो किंवा गेले तर मागे येऊ नका, आणि आसन दुरुस्त करण्यासाठी विचारल्याशिवाय हात लावू नका. चटई दाराजवळ घालावी. सांत्वनाची भाषणे देणाऱ्या किंवा 'सोडून द्यायला शिका' असे वारंवार ऐकवणाऱ्या वर्गातून निघून येण्यात काहीही गैर नाही.

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मृत्यूची तिथी असे दिवस जवळ आले की आठवडाभर आधीपासूनच शरीर पुन्हा जड होते, हे गृहीत धरून त्या दिवसांसाठी अभ्यास निम्मा करावा आणि भिंतीशी उभे राहणे, शशांकासन आणि लांब उच्छ्वास एवढेच ठेवावे. खंड पडला तर तो भरून काढण्यासाठी दुप्पट अभ्यास करू नये. कितीही दिवस गेले असले तरी पुन्हा पहिल्या पायरीच्या दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, आणि पूर्वी जेथवर पोहोचलो होतो तेथे येण्यासाठी तारीख ठरवू नये.